करिष्माची चाल

चौसाळ्याला हायवेवर पंधरा वर्षांपूर्वी तुम्ही कधी चहाला थांबला असाल, तर पंडितचं अक्षर तुम्ही वाचलेलं आहे. पंक्चरचं दुकान असो, खताचं असो, नाहीतर दातांचा दवाखाना असो, पाट्या सगळ्या त्याच्याच हातच्या. उजव्या कोपऱ्यात मुंगीनं वाचावं एवढ्या बारीक अक्षरांत ‘पंडित आर्ट्स’ लिहिलेलं असायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लिहावा तर त्यानंच. त्यातला रफार तो एका झटक्यात ओढायचा आणि मग दोन पावलं मागं सरून, मान वाकडी करून बघायचा. आपल्या कामावर खूश होणारा माणूस होता तो तेव्हा.

मग फ्लेक्स आले. आमच्या भागातले पुढारी सुंदरराव यांचा वाढदिवस आला की आधी महिनाभर पंडितला भिंती रंगवायचं काम असायचं. एका वर्षी तो सकाळी हायवेवर आला, तर खांबाखांबाला सुंदरराव लटकलेले. शंभरेक सुंदरराव, सगळे एकसारखे हसणारे. पंडितला त्यांचं हसू कधीच धड जमलं नव्हतं, हेही खरंच आहे. तरी त्या दिवशी तो खांबाखाली बराच वेळ उभा राहिला, घरी आला आणि ब्रश रॉकेलमध्ये धुऊन त्यानं एका डब्यात ठेवून दिले.

त्यानंतर त्यानं आणि त्याच्या बायकोनं, सुनितानं, कोयता हातात घेतला. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. जित्या दोन माणसांना एका अवजाराचं नाव द्यायची ही रीत कुणी काढली कोण जाणे, पण मुकादमाला मोजायला बरी पडते. दसरा झाला की ट्रक यायचा, तो कधी सांगलीकडे तर कधी कर्नाटकात न्यायचा. तिथं उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी घालायची, पहाटेपासून ऊस तोडायचा आणि उन्हाळा तापला की गावाकडे परतायचं. करिष्मा, त्यांची एकुलती एक पोरगी, लहान होती तोवर सोबत असायची. शाळेत घातली तशी ती मागं राहायला लागली, आत्याजवळ.

ही आत्या म्हणजे पंडितची थोरली बहीण, सत्यभामा. नवरा वारल्यावर माहेरी आली ती आलीच. चौसाळ्यापासून तीन-चार किलोमीटरवर त्यांची वस्ती आहे, पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं अंगण, दोन शेळ्या. दसऱ्यापासून चैत्रापर्यंत त्या घरात आत्या आणि भाची अशा दोघीच असायच्या. सत्यभामा बोलायला फटकळ, पण पोरीची वेणी घालताना तिचा हात कधी ओढून लागला नाही, असं करिष्मा सांगायची.

आता ते जपानी चित्रपटांचं. ते पंडितच्या घरात कसे शिरले हेही सांगितलं पाहिजे, कारण वस्तीवरच्या लोकांना अजून वाटतं की पोरगी गेल्यावर त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आणि त्यातून हे खूळ निघालं. तसं नाही. खूळ आधीचं आहे. करिष्मा सहावीत असताना विजयमाला मॅडमनी पावसाळ्यातल्या एका शनिवारी शाळेच्या टीव्हीवर पोरांना एक चित्रपट लावून दिला. पोरगी भिजत घरी आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, “पप्पा, तिकडं तुमच्यासारखी मानसं हायत. सगळं हातानं काढतात. गवत सुदीक हातानं.”

“कुठं?”

“जपानला. एक स्टुडिओ हाय. मॅडम म्हनल्या, एका सेकंदाला बारा-बारा चित्रं. कधी चोवीस.”

पंडितला वाटलं, पोरीनं काहीतरी उलटसुलट ऐकलंय. एका पाटीला त्याला अख्खा दिवस लागायचा. मग तिनं त्याच्याच मोबाइलवर तुकडे शोधून दाखवले. एक बाई ओट्याशी उभी राहून मुळा धुते आहे, एवढंच. पाणी मुळ्यावरून घरंगळतं, बाई तो झटकते, चार थेंब उडतात. गोष्टीशी त्या मुळ्याचा काडीचा संबंध नाही. पंडितनं तो तुकडा सात-आठ वेळा लावला. शेवटी म्हणाला, “ह्यो थेंब बग. ह्याला कुनीतरी बसून काढलाय. कुनी इचारनार न्हवतं, तरी काढलाय.”

त्यानंतर पावसाळाभर दोघं बापलेक त्याच नादात. चित्रपटांची नावं पंडितला उच्चारता येत नव्हती, भाषा तर दोघांनाही कळत नव्हती. खालची इंग्रजी अक्षरं करिष्मा अडखळत वाचायची आणि जिथं अडेल तिथं आपल्या मनानं पदरचं घालायची. पंडितला त्याचं काही नव्हतं. तो माणसांचे हात बघायचा. हात काढणं किती अवघड असतं ते त्याला ठाऊक होतं, आयुष्यभर त्यानं ते टाळलं होतं, पाटीवर अक्षरं लिहिली होती आणि भिंतीवर नुसते चेहरे काढले होते. स्टुडिओत काम कसं चालतं याचाही एक व्हिडिओ त्यांना सापडला. त्यात एक म्हातारा माणूस उतरत्या मेजाशी बसून बोटांच्या बेचक्यांत पाच कागद धरतो, भराभर उलटतो आणि कागदावरचं माणूस उठून उभं राहतं. तो म्हातारा काय म्हणाला ते करिष्मानं वाचून सांगितलं होतं. पळणारं माणूस काढायचं असेल तर आधी आपण उठून पळावं, म्हणजे गुडघा कुठं दुखतो ते कळतं.

“बरोबर हाय बाबाचं,” पंडित म्हणाला होता. एवढ्या लांबच्या माणसाशी आपलं जमतं आहे याचं त्याला फार बरं वाटलं होतं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर ते नेहमीसारखे गेले आणि जानेवारीत करिष्मा वारली.

ताप आला होता. सत्यभामानं तुळशीचा काढा दिला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पोरगी बोलेनाशी झाली तेव्हा जीप करून बीडला नेली. ताप मेंदूत गेला होता. आणखी लवकर आणली असती तरी सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. सांगता आलं नसतं या शब्दांचा वस्तीनं आपल्याला हवा तो अर्थ काढला. आत्यानं दोन दिवस घरी ठेवलं, हे बायकांनी विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर, जिथं जमेल तिथं म्हणून घेतलं.

फोन आला तेव्हा पंडित फडात मोळी बांधत होता. फोन कानाला लावून त्यानं सगळं ऐकलं, खिशात ठेवला, उसाच्या शेंड्याच्या वाढ्याला पीळ दिला, गाठ मारली आणि मोळी पुरी बांधली. मग सुनिताकडे गेला. हे टोळीतल्या सगळ्यांनी बघितलं. पुढं लोक ही गोष्ट सांगायचे तेव्हा मोळीपाशी येऊन थांबायचे. पोरगी गेल्याचं कळल्यावर कुणी मोळी बांधतं का? पंडितलाही ते माहीत नव्हतं. हात बांधत होते, एवढं त्याला आठवत होतं.

बसमध्ये सुनिता सगळ्या वाटेनं रडली. पंडित खिडकीतून पाट्या वाचत आला. कुठल्या पाटीवर ‘र’चा पाय आखूड पडलाय, कुठं दोन अक्षरांत अंतर जास्त झालंय, हे त्याच्या नजरेत भरत होतं आणि दुसरं काही भरत नव्हतं. ते वस्तीवर पोचले तेव्हा पोरीला पुरून माती देऊन झाली होती. सत्यभामा उंबऱ्यात बसली होती. तिनं वर बघितलं. पंडित तिच्या शेजारून पाय उचलून आत गेला.

तेव्हापासून तो बहिणीशी बोलला नाही. भांडला नाही, दोष दिला नाही, एक वावगा शब्द काढला नाही. तिच्याशी बोलायचं असं काही त्याच्याजवळ उरलंच नव्हतं. दहावं झालं आणि मुकादमाचा माणूस न्यायला आला, तसे दोघं परत फडावर गेले, कारण हंगाम मध्येच टाकता येत नाही. एप्रिलमध्ये आले. तेव्हापासून घरात त्याचं बोलणं सुनिताच्या मार्फत चालायचं. “अक्काला म्हनावं शेळी सुटली.” अक्का चार हातांवर बसलेली असायची. ती उठून शेळी बांधायची.

तो रडलाही नाही. लोकांनी वाट बघितली. आधी म्हणाले, धक्का बसलाय, येईल बाहेर. मग म्हणाले, दगड आहे. स्वतः पंडितही वाट बघत होता. जेवताना, दाढी करताना तो मधूनच थांबून आत काही हलतं का ते बघायचा. दात काढल्यावर सुजलेल्या गालाला आपण बोट लावून बघतो तसं. काही लागायचं नाही.

आषाढात एके दिवशी त्यानं मोबाइलमधले व्हिडिओ काढून बघितले. पुष्कळ होते, पण एकातही करिष्मा नव्हती. मोबाइल नेहमी तिच्याच हातात असायचा. पंडित शेळीला पाला टाकतोय, पंडित झोपलाय आणि त्याच्या नाकावर माशी बसलीय, सुनिता लाजून पदर तोंडावर घेतेय, आणि सगळ्यांच्या मागं करिष्माचं खिदळणं. फोटो होते, उभे, ताठ, आधार कार्डाला काढावेत तसे. चालणारी, हलणारी पोरगी कुठंच नव्हती. पंडितला भीती वाटली असं म्हणता येणार नाही, भीती वाटण्याइतकाही तो जागेवर नव्हता. पण ती चालायची कशी हे डोळ्यांपुढं आणायला गेला आणि क्षणभर ते आलंच नाही. तेव्हा त्यानं ठरवलं की तिला चालताना काढायची. घरापासून बांधाच्या कडूलिंबापर्यंत, शाळेला निघालेली. ती एकदा चालली तर आपल्याला रडू येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. बाकी त्याला काही नको होतं.

विजयमाला मॅडमनी एका बाजूनं कोऱ्या असलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिला. पंडितनं फळीवर दोन खिळे ठोकले, कागदांना पंचनं भोकं पाडली आणि कागद त्या खिळ्यांत बसवू लागला, म्हणजे एकही जागचा हलू नये. एका दुकानाच्या जुन्या शोकेसची काच त्यानं दोन विटांवर ठेवली, खाली बॅटरी लावली. खालच्या कागदावरची पोरगी वरच्या कागदात अंधूक दिसायची, तिच्या पायाच्या किंचित पुढं नवा पाय काढायचा. बारा कागद झाले की मोबाइलनं एकेकाचा फोटो घ्यायचा आणि ओळीनं चालवून बघायचा.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा करिष्मा बाहुलीसारखी चालली. दुसऱ्यांदा दारू प्यायल्यासारखी. पंडितला जपानच्या त्या म्हाताऱ्याची आठवण झाली. मग तो उठला, पोरीचं दप्तर पाठीला अडकवलं आणि अंगणात चालायला लागला. टाच आधी टेकते की चवडा? दप्तर कुठल्या पावलाला उसळतं? पन्नाशीला आलेला, मिशीवाला, पाच फूट दहा इंच गडी गुलाबी दप्तर घेऊन कडूलिंबापर्यंत जातो आणि परत येतो, पुन्हा जातो. वस्तीला याहून चांगला तमाशा फुकट कधी मिळाला नव्हता.

भाद्रपदात टोळीचा मुकादम हनुमान मोटरसायकलवरून आला आणि अंगणाच्या तोंडाशी गाडी बंद करून बघतच राहिला.

“काय करायलास बे पंड्या?”

“चालायलोय.”

“ते दिसतंय. कावून चालायलास?”

पंडितनं त्याला काच दाखवली, कागद दाखवले. हनुमान तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं चार कागद हातात घेतले, पुन्हा खाली ठेवले. म्हणाला, “फोटो हाय की तिचा. मोठा करून लाव भितीला. येवडी झकमारी कशाला?”

“फोटू चालत न्हाई.”

“आनि हे चालल्यावर काय व्हनार हाय?”

पंडितनं कागद पुन्हा खिळ्यांत बसवले. हनुमाननं तंबाखू मळली, त्याला दिली. “दसऱ्याच्या चौथ्या दिशी गाडी लागती. कोयता येतोय का न्हाई तेवढं सांग. दुसऱ्याला सांगून ठिवावं लागतंय मला.”

“येतोय,” पंडित म्हणाला.

म्हणजे दसऱ्याच्या आत पुरं करायला हवं होतं. जानेवारीत वर्षश्राद्ध येणार, तेव्हाही तो फडातच असणार. तो झपाटल्यासारखा कामाला लागला असं लिहायला मलाही आवडलं असतं, पण तसं नव्हतं. तो ऊस तोडतो तसा चित्रं काढायचा. सकाळी बसायचा, उजेड जाईपर्यंत काढायचा. हात मात्र जुना होता आणि हाताला सगळं आठवत होतं. पावसात करिष्मा छत्री खांद्यावर टाकायची आणि निम्मी भिजायची. डबकं आलं की वळसा घालायची नाही, थांबायची, बघायची आणि मग बरोबर मधोमध पाय घालायची. एप्रिलात डोक्यावर दप्तर घ्यायची. मातीत चटका बसला की दोन पावलं तुरूतुरू, मग सावलीत उभी. हे सगळं कागदावर उतरत गेलं. एका ठिकाणी तिची चप्पल चिखलात रुतून बसते आणि ती एका पायावर उभी राहून मागं हात करते, तेवढ्या तीन सेकंदांना त्याला नऊ दिवस लागले. मुळा धुणाऱ्या बाईचे थेंब ज्यानं काढले त्याला हे दाखवावं, असं तेव्हा त्याच्या मनात आलं.

दसऱ्याला चार दिवस राहिले असताना काम झालं. सगळं मिळून चाळीस सेकंद. पंडित अंगणात बाजेवर बसला आणि त्यानं मोबाइल लावला. करिष्मा घरातून निघाली, डबक्यात पाय घातला, चप्पल काढली, छत्री फिरवली, उन्हात तुरूतुरू पळाली आणि कडूलिंबाशी पोचली. तीच होती. तिच्यासारखी कुणी नव्हे, तीच.

त्यानं ते पाच वेळा बघितलं. आत काही झालं नाही. डाव्या पायाचा अंगठा सहाव्या कागदावर मोठा पडलाय, एवढं त्याला दिसलं.

त्यानं सुनिताला हाक मारली. तिनं पिठाचे हात पुसत मोबाइल घेतला, चपलेपर्यंत बघितलं आणि मोबाइल बाजेवर पालथा ठेवून आत निघून गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत राहिला. आपल्याला तिचा हेवा वाटावा असं पंडितला वाटलं, पण तोही नीटसा वाटला नाही. तीन महिने, साडेचारशेच्या वर कागद, आणि हाती काय लागलं, तर एक मोठा अंगठा.

सत्यभामा शेळ्या घेऊन बांधावरून येत होती. तिनं शेळ्या बांधल्या आणि ती बाजेजवळ येऊन उभी राहिली. तीन महिने हे काम तिच्या डोळ्यांपुढं चाललं होतं, पण तिला कुणी दाखवलं नव्हतं आणि तिनंही मागितलं नव्हतं. आजही तिनं विचारलं नाही. पालथा मोबाइल उचलला आणि सुनिताच्या दिशेनं म्हणाली, “कुठं दाबायचं गं?” पंडितनं हात लांब करून बटण दाबलं.

सत्यभामा उभ्यानंच बघत राहिली. चप्पल रुतली तिथं ती फस्सकन हसली. संपल्यावर आपणच दाबून पुन्हा लावलं. मग मोबाइल त्याच्यापुढं धरून म्हणाली,

“लई खरं काढलंस. पर ही निम्मीच हाय.”

पंडितनं वर बघितलं.

“सगळी पावसाळ्यातली नि उनाळ्यातली काढलीस. थंडीतली कुठाय?”

पंडितनं तोंड उघडलं. थंडीत शाळेला निघालेली करिष्मा आठवायला गेला आणि तिथं काही नव्हतंच. पुसून गेलं नव्हतं, विसरलंही नव्हतं, कधी नव्हतंच. तिला शाळेत घातल्यापासून सहा हिवाळे झाले होते. त्या सहाही हिवाळ्यांत तो फडात होता. शाळेत जायला लागल्यापासून आपली पोरगी थंडीत कशी दिसते, कशी चालते, सकाळी उठायला कुरकुर करते का, हे त्यानं बघितलेलंच नव्हतं. स्टुडिओतल्या कुणा म्हाताऱ्याला विचारलं तरी तोही म्हणाला असता की जे बघितलं नाही ते काढू नकोस.

आणि तेव्हा पंडितला राग आला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं आणि तो राग होता, तोही साधासुधा नव्हे. पोरगी हिच्या हातात गेली म्हणून नाही. हिला सहा हिवाळे मिळाले म्हणून. आपली अर्धी पोरगी ही एकटी घेऊन बसली आहे आणि आपल्याला तिच्यातलं बोटभरसुद्धा ठाऊक नाही, याचा त्याला असा काही मत्सर वाटला की कानशिलं तापली.

“कशी चालायची?” तो म्हणाला. बहिणीशी तो थेट बोलला होता, हे दोघांच्याही लगेच ध्यानात आलं नाही.

“कवा?”

“थंडीत. सकाळी. चालून दाखव.”

सत्यभामानं त्याच्याकडं बघितलं. मग तिनं पदर कमरेला खोचला आणि ती दारापाशी गेली. साठीची बाई, पायात काही नाही. तिनं दोन्ही हात काखेत घातले, खांदे कानांपर्यंत उचलले आणि चवड्यांवर निघाली. माती गार असते म्हणून टाच टेकायची नाही. चार पावलं गेल्यावर ती थांबली, गाल फुगवून तोंडातून हवा सोडली आणि त्या हवेकडं डोळे तिरळे करून बघितलं.

“वाफ निगते का बगायची. रोज. आनि मला बोलवायची, आत्या, मी बिडी पेतीय बग.”

ती कडूलिंबापर्यंत गेली. पंडितला अंगणात साठीची बहीण दिसत होती आणि तिच्या आत, चवड्यांवर, काखेत हात घालून चाललेली करिष्मा दिसत होती. कधी न बघितलेली. त्यानं कागद ओढला.

“अजून एकदा.”

ती परत आली, पुन्हा दारापासून निघाली. मग पुन्हा. सुनिता दारात येऊन उभी राहिली, तिनंही हे काही बघितलेलं नव्हतं. सत्यभामा दमली तेव्हा बाजेच्या कडेला टेकली आणि पंडित विचारत गेला, ती सांगत गेली. कानाला रुमाल बांधायची का? बांधायची, पण वळणावर गेली की सोडायची, पोरी हसतात म्हणून. अंगात काय असायचं?

“स्वेटर. तपकिरी. चौसाळ्याच्या बाजारात म्याच घेतलता, तीन वर्सं पुरावा म्हनून मोठा.”

“बाह्या?”

“हितवर.” तिनं आपल्या बोटांची टोकं दाखवली. “बोटं दिसायचीच न्हाईत. लिवायच्या टायमाला दुमडायची.”

पंडितनं पेन्सिल थांबवली. कापडाला चुण्या कुठं पडतात ते नुसत्या सांगण्यावरून काढता येत नाही. “आन बरं तो,” तो म्हणाला. “बगून काढतो.”

सुनिता म्हणाली, “पेटीत हाय का, अक्का? मी आनते.”

“न्हाई पेटीत.” सत्यभामा आपल्या हातांकडं बघत होती. “तिच्या अंगावरच हाय. आंगुळ घातली, नवा फ्रॉक घातला बायकांनी. वरून स्वेटर म्या घातला. बाया म्हनल्या, आता कावून? म्या म्हनलं, थंडी लई हाय. काडू दिला न्हाई म्या कुनाला. तुमी दोगं न्हवता. मला काई सुदरंना.”

पंडितच्या हातातली पेन्सिल कागदावर आडवी झाली. तो बहिणीच्या अनवाणी, मातीनं भरलेल्या पायांकडं बघत राहिला. मग त्याचा खालचा ओठ हलायला लागला आणि तो काही केल्या थांबेना. त्यानं हात पुढं करून तिचा हात धरला.

“बरं केलंस, अक्का,” तो म्हणाला. “लई बरं केलंस.”